तंतुमय उष्णतारोधकातले प्रारण कसे रोखायचे: नवख्या अभियंत्यांसाठी पायरीपायरीने

अवकाशयान वातावरणात परत शिरते तेव्हा त्याचा बाहेरचा पृष्ठभाग हजार अंश सेल्सिअसच्या पुढे तापतो. स्पेस शटलची आतली ॲल्युमिनियमची चौकट मात्र सुमारे १७७ अंशांच्या वर जाऊ द्यायची नव्हती. या दोहोंमध्ये होती काही सेंटिमीटर जाडीची, बारीक सिलिका तंतूंची टाइल. तिच्या आकारमानाचा साधारण ९४ टक्के भाग नुसती पोकळी होता. एवढी पोकळ वस्तू एवढी उष्णता कशी अडवते, आणि तिच्यातूनही जी उष्णता निसटते ती कोणत्या वाटेने, हे नीट कळले की पुढची सगळी निवड सोपी होते.

या कामात नव्याने येणारे बहुतेक जण उत्पादकाच्या माहितीपत्रकातली २५ अंशांवरची उष्णता वाहकता उचलतात आणि तिच्यावर सगळी गणिते मांडतात. तो आकडा खरा असतो, पण हजार अंशांच्या कामाला निरुपयोगी असतो, कारण कमी तापमानाला जी वाट जवळजवळ बंद असते तीच जास्त तापमानाला सताड उघडते. ती वाट म्हणजे प्रारण, म्हणजे किरणांच्या रूपाने जाणारी उष्णता. ती कशी मोजायची आणि कशी अडवायची, ते पुढे क्रमाने घेऊ.

पायरी १: आधी तापमान आणि दाब लिहून काढा

साहित्य निवडण्याआधी चार गोष्टी कागदावर हव्यात: तप्त बाजूचे कमाल तापमान, थंड बाजूची मर्यादा, तापण्याचा एकूण काळ आणि त्या काळात भोवतालच्या वायूचा दाब. दाब बहुतेक जण विसरतात.

तंतुमय गादीतून उष्णता तीन मार्गांनी जाते. पहिला, तंतूंमधून आणि त्यांच्या एकमेकांना टेकलेल्या जागांमधून होणारे वहन. दुसरा, मधल्या पोकळीतल्या वायूतून होणारे वहन. तिसरा, प्रारण. अभिसरणाची काळजी सहसा करावी लागत नाही. पोकळ्या इतक्या लहान असतात की हवेला फिरायला जागाच मिळत नाही.

दाब घटला की वायूचा वाटा घटतो आणि निर्वातात तो संपतो. प्रारणाला मात्र वायू असला काय आणि नसला काय, काहीच फरक पडत नाही. म्हणून उंचावर, विरळ हवेत, यान सर्वांत जास्त तापत असताना प्रारणाचे महत्त्व आणखी वाढते. थंड उपग्रहासाठी चकाकत्या पातळ पडद्यांचे अनेक थर वापरतात आणि निर्वातात ते फार छान काम करतात. हवेच्या दाबात किंवा खूप तापणाऱ्या बाहेरच्या आवरणाखाली ते उपाय चालत नाहीत. तिथे तंतूच लागतात.

पायरी २: एक आकडेमोड हाताने करा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी ही आकडेमोड वहीत करावी, असे मी आग्रहाने सांगेन. गादी पुरेशी जाड आणि अपारदर्शक असेल, तर तिच्यातले प्रारण हे वहनासारखेच मानता येते आणि त्याला एक ‘प्रारणीय वाहकता’ देता येते. ती काढायची अशी: स्टेफान-बोल्ट्झमन स्थिरांकाला १६ ने गुणा, त्याला केल्विनमधल्या तापमानाच्या घनाने गुणा, आणि आलेल्या संख्येला एक्स्टिंक्शन गुणांकाच्या तिपटीने भागा. हा गुणांक म्हणजे प्रारणाचा किरण गादीत शिरल्यावर किती झपाट्याने क्षीण होतो त्याचे माप; त्याचे एकक ‘प्रति मीटर’. यालाच रोसलँडचे सूत्र म्हणतात.

गुणांक ५,००० प्रति मीटर धरला, तर ३०० केल्विनला प्रारणीय वाहकता सुमारे ०.००१६ वॅट प्रति मीटर-केल्विन येते. याच तापमानाला हवेची वाहकता ०.०२६ असते. म्हणजे खोलीच्या तापमानाला प्रारण हिशेबातसुद्धा धरले नाही तरी चालेल. ५०० केल्विनला ती ०.००७६ होते. १,००० केल्विनला ०.०६, म्हणजे त्या तापमानाच्या हवेच्या जवळपास बरोबरीला (हवा ०.०६७). १,५०० केल्विनला ०.२०, तोवर हवा जेमतेम ०.१० वर पोचलेली असते. हवेची वाहकता तापमानाबरोबर हळूहळू चढते, प्रारण घनाने चढते. माहितीपत्रकातला २५ अंशांचा आकडा का चालत नाही, त्याचे उत्तर या चार ओळींत आहे.

आता एक बारकावा. गादीची एक बाजू १,३०० केल्विनला आणि दुसरी ३०० केल्विनला असेल, तर सूत्रात सरासरी म्हणून ८०० घालावेसे वाटते. तसे करू नका. आपल्याला तापमानाच्या घनाची सरासरी हवी आहे, सरासरी तापमानाचा घन नको. त्यासाठी दोन्ही तापमानांच्या वर्गांची बेरीज घ्या, तिला दोन्ही तापमानांच्या बेरजेने गुणा आणि चाराने भागा. वरच्या उदाहरणात उत्तर येते ७१.२ कोटी, ८०० चा घन मात्र ५१.२ कोटीच भरतो. म्हणजे साध्या सरासरीने प्रारणाचा वाटा २८ टक्के कमी दिसतो. असा फरक चौकटीच्या तापमानात थेट उतरतो.

हे सूत्र वापरण्याआधी गुणांकाला जाडीने गुणून पाहा. ५,००० गुणिले ०.०२५ मीटर म्हणजे १२५. हा आकडा एकापेक्षा पुष्कळ मोठा असेल तर सूत्र विश्वासाने वापरा. तो पाच-सहाच्या आसपास घुटमळत असेल, तर तप्त पृष्ठभागाचे किरण गादी ओलांडून थेट थंड बाजूला पोचू लागतात आणि मग प्रारणाचे पूर्ण समीकरण सोडवावे लागते.

पायरी ३: प्रारण कोणत्या तरंगलांबीचे आहे ते पाहा

वीनच्या नियमाने २,८९८ ला केल्विनमधल्या तापमानाने भागले की सर्वाधिक प्रारण किती मायक्रोमीटर तरंगलांबीला होते ते कळते. ३०० केल्विनला साधारण ९.७, १,००० केल्विनला २.९, १,५०० केल्विनला १.९.

सिलिकाचा स्वभाव इथे आडवा येतो. ५ मायक्रोमीटरच्या पुढच्या अवरक्त किरणांना सिलिका चांगले शोषते आणि ९ मायक्रोमीटरच्या आसपास तर फारच जोरात. पण २ ते ३ मायक्रोमीटरला ती जवळजवळ काचेसारखी पारदर्शक असते. म्हणजे जो तंतू खोलीच्या तापमानाला प्रारण उत्तम अडवतो, तोच १,२०० अंशांना किरणांना वाट करून देतो, आणि नेमका तेव्हाच प्रारणाचा मारा सर्वांत जास्त असतो. सिलिका एअरोजेल या अतिशय हलक्या, सच्छिद्र घन पदार्थाचेही असेच: त्याच्या पोकळ्या इतक्या सूक्ष्म असतात की वायूचे वहन जवळजवळ बंद होते, पण ३ ते ८ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात प्रारणाला मोकळी खिडकी राहते. ती बुजवली नाही तर जास्त तापमानाला एअरोजेलची कीर्ती कामाला येत नाही.

शोषण नसेल तर विकिरणावर, म्हणजे किरण चहूकडे उधळले जाण्यावर, भिस्त ठेवावी लागते. धुक्यात गाडीच्या दिव्याचा झोत पुढे जात नाही. पाण्याचे थेंब पारदर्शक असूनही प्रकाश चहूकडे उधळतात. तंतूंकडून आपल्याला हेच काम करून घ्यायचे आहे.

पायरी ४: तंतूची जाडी निवडा

या लेखातली एकच पायरी सावकाश वाचायची असेल तर ही वाचा.

ठरावीक वजनाचे साहित्य घेतले आणि त्याचे तंतू जितके बारीक काढले, तितका किरणांच्या वाटेत येणारा पृष्ठभाग वाढतो. तंतू किरणांना आडवे असतील, तर एका घनमीटरमध्ये वाटेत येणारे क्षेत्रफळ असे निघते: तंतूंनी व्यापलेल्या अंशाला ४ ने गुणा आणि पाय (π) गुणिले तंतूच्या व्यासाने भागा. घनता १०० किलोग्रॅम प्रति घनमीटर असेल तर सिलिका तंतू फक्त साडेचार टक्के जागा व्यापतात. व्यास २ मायक्रोमीटर धरला तर उत्तर २९,००० प्रति मीटरच्या आसपास येते. ८ मायक्रोमीटर धरला तर त्याच्या चौथाई. वजन तेच आणि गादीची जाडी तीच असूनही बारीक तंतूंचा अडथळा चौपट. प्रत्यक्षातला गुणांक या भौमितिक आकड्यापेक्षा कमी भरतो, कारण विकिरण झालेला बराचसा प्रकाश पुढच्याच दिशेला जातो आणि पुढे गेलेला किरण अडला असे म्हणता येत नाही. तरी व्यासाचा परिणाम समजायला हा आकडा पुरतो.

याच गणितातून आणखी एक गोष्ट हाती लागते. वरच्या संख्येचा व्यस्त काढला की तंतूंमधल्या पोकळीचे सरासरी माप मिळते. ३ मायक्रोमीटरच्या तंतूंसाठी, याच घनतेला, ते सुमारे ५२ मायक्रोमीटर येते. किरणाला पुढचा तंतू भेटेपर्यंतचे अंतर आणि वायूच्या रेणूला तंतू भेटेपर्यंतचे अंतर एकच असते. तंतू बारीक केले की दोघांचीही वाट आखूड होते. पण हवेच्या रेणूची सामान्य दाबाला, खोलीच्या तापमानाला एका धडकेपासून दुसऱ्या धडकेपर्यंतची झेप अवघी ०.०७ मायक्रोमीटर असते, म्हणून ५२ मायक्रोमीटरची पोकळी त्याला मोकळे मैदानच वाटते आणि वायूचे वहन काही कमी होत नाही. दाब हजारपटीने उतरून १०० पास्कलवर आला की तीच झेप ७० मायक्रोमीटरच्या घरात जाते आणि तेव्हा कुठे पोकळीचा आकार वायूला जाचू लागतो.

मग तंतू शक्य तितके बारीक घ्यावेत का? नाही. व्यास तरंगलांबीच्या मानाने फारच लहान झाला की विकिरण झपाट्याने कोसळते. किरणाला तो तंतू जणू दिसतच नाही. म्हणून प्रारणासाठी योग्य व्यास तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे एक ते काही मायक्रोमीटर असा येतो. व्यवहारात मिळणारे उच्च तापमानाचे तंतूही याच पट्ट्यात असतात. सॅफिल या ॲल्युमिना तंतूचा सरासरी व्यास ३ मायक्रोमीटरच्या जवळपास असतो.

साहित्याचा अपवर्तनांक (ते किरणांना किती वाकवते त्याचे माप) जितका जास्त तितके विकिरण जास्त. दोन-तीन मायक्रोमीटरला सिलिकाचा अपवर्तनांक १.४ च्या थोडा वर आणि ॲल्युमिनाचा सुमारे १.७ असतो. ॲल्युमिना तापमानही जास्त सोसते. पण ते सिलिकापेक्षा जड आहे, घन रूपात उष्णता जास्त वाहून नेते आणि तापल्यावर जास्त प्रसरण पावते, त्यामुळे अचानक तापण्या-निवण्यात सिलिकाइतके टिकत नाही. निव्वळ एका तंतूवर विसंबण्यापेक्षा मिश्रण बरे, असे माझे मत आहे. शटलसाठी पुढे विकसित झालेल्या टाइल्समध्ये सिलिका, ॲल्युमिना आणि ॲल्युमिनोबोरोसिलिकेट तंतू एकत्र वापरले गेले, त्यामागे हीच जाण होती.

पायरी ५: तंतू आडवे ठेवा

उष्णता ज्या दिशेने जाणार, तिला तंतू काटकोनात असले पाहिजेत. उष्णतेच्या दिशेने पडलेला तंतू दुहेरी घात करतो: किरणाला आडवा येत नाही आणि वर स्वतःच वहनाचा पूल होतो.

ओल्या पद्धतीने टाइल बनवताना हे जवळजवळ फुकटात मिळते. तंतू पाण्यात ढवळून साच्यात ओततात, दाबून पाणी काढतात, वाळवतात आणि भट्टीत भाजतात. दाबताना तंतू आपोआप दाबाच्या दिशेला आडवे निजतात. म्हणूनच अशा ठोकळ्याचे गुणधर्म सर्व दिशांना सारखे नसतात. दाबाच्या दिशेने वाहकता कमी असते आणि ताकदही कमी असते. टाइल कापण्याआधी ठोकळ्यावर दाबाच्या दिशेचा बाण काढून ठेवा आणि तो कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर उतरवा. पांढऱ्या ठोकळ्याकडे नुसते पाहून दिशा ओळखता येत नाही.

पायरी ६: घनता, पण मोजून

घनता वाढवली की एक्स्टिंक्शन गुणांक त्याच प्रमाणात वाढतो आणि प्रारण घटते. मात्र तंतू एकमेकांना जास्त ठिकाणी टेकतात आणि घन वहन, म्हणजे तंतूंच्या घन पदार्थातून होणारे वहन, वाढते. त्यामुळे प्रत्येक तापमानाला एक अशी घनता असते जिथे एकूण वाहकता सर्वांत कमी असते, आणि तापमान वाढेल तशी ही घनता वरच्या बाजूला सरकते. तप्त बाजूला दाट आणि थंड बाजूला विरळ अशी थरांची रचना वजनाच्या हिशेबात बहुधा सर्वांत किफायतशीर ठरते. शटलवर १४४ आणि ३५२ किलोग्रॅम प्रति घनमीटर अशा दोन घनतांच्या टाइल्स होत्या. दाट टाइल जिथे जास्त ताकद हवी तिथे बसवली जाई.

वातावरणात शिरताना तापण्याचा काळ मिनिटांत मोजायचा असतो, तेव्हा वाहकतेबरोबर उष्णताधारकताही बघा. थोडी दाट गादी स्वतःत उष्णता साठवून थंड बाजूचे तापमान उशिरा चढू देते.

पायरी ७: अपारदर्शकता वाढवणारी पूड घाला

तंतूंनी जे जमत नाही ते ओपॅसिफायर करतात. सिलिकॉन कार्बाइड, टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिर्कोनियम सिलिकेट ही नेहमीची नावे. पहिल्या दोघांचा अपवर्तनांक अडीचच्या आसपास असतो, त्यामुळे विकिरण जोरात होते. सिलिकॉन कार्बाइड शोषणही करते. कार्बनची पूड उत्तम शोषते, पण हवेत काही शे अंशांना जळून जाते, म्हणून तिची जागा निर्वातात किंवा निष्क्रिय वायूत.

कण तरंगलांबीच्याच मापाचे, म्हणजे दोन-चार मायक्रोमीटरचे हवेत. भरड पूड घातली तर वजन वाढते आणि फायदा थोडा होतो. प्रमाण वजनाच्या काही टक्क्यांपासून सुरू करा. सगळी पूड तप्त बाजूच्या थरातच घाला, कारण थंड बाजूला सिलिका स्वतःच पुरेशी अपारदर्शक असते. मिश्रण पातळ असेल तर जड कण साच्याच्या तळाशी बसतात. पाणी थोडे दाट करा, आणि वाळलेला तुकडा उभा चिरून रंग वरपासून खालपर्यंत सारखा आहे का ते डोळ्यांनी तपासा. सिलिकॉन कार्बाइडचा राखाडी रंग पांढऱ्या तंतूंत लपत नाही.

सोन्याचा किंवा प्लॅटिनमचा लेप दिलेले पातळ सिरॅमिक पडदे तंतूंच्या थरांमध्ये घालण्याचा मार्गही आहे. तो तप्त भागात खरोखर उपयोगी पडतो, पण महाग असतो आणि जोडकाम वाढते. थंड भिंतीवर चकाकता पत्रा लावण्याचा मोह होतो; पायरी २ मधल्या, गुणांक गुणिले जाडी १२५ असलेल्या गादीमागे त्याने पडणारा फरक दहा टक्क्यांहून कमीच. खर्च तिथे करू नका. बाहेरच्या पृष्ठभागावर करा: तिथे उत्सर्जकता (उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकण्याची क्षमता) जितकी जास्त तितके चांगले. शटलच्या काळ्या टाइल्सच्या बोरोसिलिकेट लेपाची उत्सर्जकता ०.८५ च्या आसपास होती. १,५०० केल्विनला असा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे २४४ किलोवॅट बाहेर फेकतो. ती उष्णता तंतूंपर्यंत पोचतच नाही.

पायरी ८: मोजून खात्री करा

निर्वात पेटीत नमुना ठेवा, तप्त पट्टी वर आणि पाण्याने थंड केलेली पट्टी खाली. उलट ठेवले तर तापलेली हवा वर चढू पाहते आणि अभिसरण मोजमापात घुसू शकते. आधी वातावरणाच्या दाबाला मोजा, मग दाब टप्प्याटप्प्याने उतरवत न्या. वाहकता घटणे थांबले की वायूचा वाटा संपला असे समजा. जे उरले ते घन वहन आणि प्रारण.

आता निर्वातातले आकडे पायरी २ मधल्या घनाच्या सरासरीसमोर आलेखावर मांडा. रेषा सरळ आली तर तिचा चढ प्रारणाचा वाटा सांगतो आणि ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तो घन वहनाचा वाटा. चढावरून एक्स्टिंक्शन गुणांक थेट काढता येतो. सिलिकाची रेषा वरच्या टोकाला वर वळलेली दिसली तर घाबरू नका. ती पायरी ३ मधली पारदर्शकता आहे. वळण जिथे सुरू होते, ओपॅसिफायरची गरज तिथपासून सुरू होते.

पायरी ९: हाताळणी आणि सांधे

सिलिका तंतूंना उघड्या हाताने शिवू नका. घामातले सोडियम तापलेल्या सिलिकाचे स्फटिक व्हायला मदत करते. तो भाग आक्रसतो आणि ठिसूळ होतो. शटलच्या टाइल्ससाठी ९९.८ टक्के शुद्धतेची सिलिका लागत असे ती याचसाठी.

तुमच्या फुप्फुसांसाठीही सावध राहा. ५ मायक्रोमीटरपेक्षा लांब आणि ३ मायक्रोमीटरपेक्षा बारीक तंतू श्वासाबरोबर खोल जातात, आणि प्रारणासाठी उत्तम ठरलेले तंतू नेमके याच मापाचे आहेत. कापताना बारीक कण अडवणारा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मुखवटा, हातमोजे आणि धूळ ओढून घेणारी व्यवस्था हवीच. भट्टीतून बरेचदा तापून निघालेली जुनी गादी नव्यापेक्षा जास्त धोकादायक असते, कारण तिच्यात क्रिस्टोबलाइट, म्हणजे सिलिकाचे फुप्फुसांना घातक स्फटिकरूप, तयार झालेले असू शकते. ती कोरडी झटकू नका. ओली करून, पिशवीत बंद करून काढा.

शेवटी सांधे. दोन टाइल्समधली सरळ फट किरणांना मोकळा बोगदा देते आणि आत केलेली सगळी मेहनत त्या रेषेवर वाया जाते. फटी पायरीसारख्या वळवा किंवा तंतुमय पट्टीने भरा, आणि पट्टी वर डोकावणार नाही हे पाहा. ऑगस्ट २००५ मध्ये डिस्कव्हरी या शटल यानाच्या पोटाखाली अशा दोन पट्ट्या बाहेर आल्या होत्या. त्यांच्यामुळे हवेचा प्रवाह विस्कटून यान जास्त तापण्याची भीती होती, म्हणून अंतराळवीर स्टीफन रॉबिन्सन यांनी यानाबाहेर जाऊन त्या हाताने ओढून काढल्या. नमुना तापवून निववण्याच्या प्रत्येक फेरीनंतर फटीची रुंदी मोजून नोंदवा. ती वाढत असेल तर तंतू आक्रसत आहेत, आणि तुमच्या आधीच्या वाहकतेच्या आकड्यांवर आता विसंबता येणार नाही.